कणी, पिठी आणि वाफ

दिवाळी आटोपली की सिहोरा ते तुमसर रस्त्यावर धानाची पोती लादलेले ट्रॅक्टर एकामागोमाग दिसू लागतात. चांदपूर जलाशयाच्या आणि बावनथडीच्या पाण्यावर पिकलेला धान राइस मिलला जातो, तांदूळ होऊन घरी येतो आणि वर्षभर भात म्हणून शिजतो. ज्या घरात वर्षाचा तांदूळ कोठीत भरलेला असतो, त्याच घरात सणाच्या गोडधोडासाठी मैदा, रवा आणि बेसन दुकानातून येते. तांदळाचे करायला गेले की मोदक फुटतात, अनारसे तुपात विरघळतात, आयते तव्याला चिकटतात, म्हणून त्या वाटेला जायचे टाळले जाते. मला हे फार खटकते. यातले बहुतेक बिघाड पिठात असतात, करणारीच्या हातात नसतात. आणि पीठ सुधारणे कुणालाही जमण्यासारखे आहे.

हा विषय आज काढण्याला आणखी एक कारण आहे. गावातल्या शाळा-कॉलेजातल्या मुली मोबाइलवर कोरियन मालिका बघतात आणि त्यात दिसणारी, लालभडक रश्श्यातली तांदळाची नळकांडी, म्हणजे तोकबोक्की, घरी करून मागतात. तिची तयार पाकिटे ऑनलाइन मिळतात आणि ती महाग पडतात. अशा मुलीला ‘ते आपले नाही’ म्हणून गप्प करू नका. कोरियात तांदळाच्या पिठाच्या अशा सगळ्या पदार्थांना ‘तोक’ म्हणतात आणि तो प्रकार आपल्या मोदक-पातोळ्यांचा सख्खा शेजारी आहे. कोरियन सरकारने 2021 मध्ये तोक करण्याच्या परंपरेला राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांनी आपल्या तोकांची चार घरे केली आहेत: वाफवलेले, वाफवून कांडलेले, पाण्यात उकळलेले आणि तव्यावर किंवा तेलात केलेले. ही विभागणी आपल्या स्वयंपाकघरातही उपयोगी पडते, कारण कोणता तांदूळ घ्यायचा आणि पीठ किती ओले ठेवायचे हे पदार्थ कोणत्या घरातला आहे त्यावर ठरते.

आधी तांदूळ पारखा

गव्हाच्या पिठात पाणी घातले की त्याला चिवटपणा येतो, पोळी लाटता येते, ताणता येते. तांदळाच्या पिठात तो चिकट प्रथिनांचा धागाच नसतो. तिथे बांधून ठेवायचे काम पिष्ट करते आणि तेही पाणी आणि उष्णता दोन्ही मिळाल्यावर, साधारण 65 ते 75 अंश सेल्सिअसच्या दरम्यान. म्हणून थंड पाण्यात मळलेली तांदळाची पिठी भुसभुशीत राहते आणि उकड काढलेली लोण्यासारखी होते.

पिष्टही सगळ्या तांदळांत सारखे नसते. काही तांदळांचा भात मोकळा होतो आणि थंड झाला की दाणा ताठरतो. काहींचा मऊ होतो आणि सकाळपर्यंत मऊच राहतो. घरी पारखायची सोपी रीत अशी: रात्री मूठभर तांदूळ शिजवा, झाकून ठेवा, सकाळी त्यातला दाणा चिमटीत दाबा. दाणा अजून मऊ असेल आणि बोटाला चिकटत असेल, तर तो तांदूळ मोदक, पातोळ्या आणि वाफवलेल्या पदार्थांचा. दाणा कडक होऊन सुटा पडत असेल, तर तो आयते, घावन आणि तळणाचा. याहून जास्त काही बघायची गरज नाही.

आपल्याकडचा चिन्नोर पहिल्या गटातला. त्याला वास आहे, मऊपणा आहे. नदीपलीकडच्या बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही ते मिळालेले आहे. पण चिन्नोर महाग, तो दळून कुठे टाकायचा, असे वाटत असेल तर अख्खा दाणा घेऊच नका. राइस मिलमधून चिन्नोरची कणी मागा. दळायचेच आहे, मग दाणा तुटलेला असला तर काय बिघडते? वास तोच, मऊपणा तोच, भाव बराच कमी. कणी घेताना एवढेच बघा की ती ताज्या भरडाईची आहे, तिला खवट वास नाही आणि कोंडा फार राहिलेला नाही; कणीला जाळे आणि किडे लवकर लागतात, म्हणून महिन्याभरात संपेल इतकीच आणा.

आयत्यांना आणि रोजच्या घावनांना एचएमटी चांगला. हा वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून जपला. पूर्व विदर्भाच्या घराघरांत आज हा तांदूळ शिजतो, तेव्हा त्याच्या पिठाचे काय काय होते हेही आपल्याला ठाऊक असायला हवे.

उसना तांदूळ यातल्या कशालाही घेऊ नका. तो एकदा उकडून झालेला असतो, त्याच्या पिठाची उकड वेगळीच वागते. नवा तांदूळ चिकट असतो, म्हणून उकडीला आणि वाफेला नवा. अनारशाला मात्र जुना, जाडा तांदूळ बरा.

पिठी

सुकी पिठी आणि ओली पिठी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुकानातले तांदळाचे पीठ म्हणजे कोरडा तांदूळ दळलेला. त्याची भाकरी होते. मोदक होतात पण भेगाळतात. मोदकाला, पातोळीला, अनारशाला आणि कोरियन तोकाला लागते ती भिजवलेल्या तांदळाची पिठी. भिजल्यावर दाणा आतून ठिसूळ होतो, दळताना कमी तापतो आणि पीठ बारीक पडते.

तांदूळ तीन-चार पाण्यांत धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग भरपूर पाण्यात भिजवा: उन्हाळ्यात चार-पाच तास, थंडीत रात्रभर. मे महिन्यात रात्रभर ठेवलात तर पाणी आंबते, ते टाळा. नंतर चाळणीत तासभर निथळू द्या. एक किलो तांदूळ पाणी पिऊन साधारण सव्वा किलो होतो, आणि हे दाण्यात शिरलेले पाणीच पुढे वाफेत कामाला येते.

इथून दोन वाटा. वाफवलेल्या तोकासाठी निथळलेला ओला तांदूळ तसाच मिक्सरच्या लहान भांड्यात थोडा-थोडा फिरवा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. चक्कीत ओला तांदूळ घालू नका, दगडाला पीठ थापून बसते. मोदकाच्या पिठीसाठी तांदूळ सावलीत सुती कापडावर पसरा आणि पूर्ण वाळू द्या, मग चक्कीवर न्या. चक्कीवाल्याला दोन गोष्टी आवर्जून सांगा: गव्हावर नको, कुणाच्या तरी तांदळावर दळा, आणि पहिले ओंजळभर पीठ वेगळे काढा. गव्हाचे पीठ मिसळले की पिठी पिवळसर होते आणि वाफेत तिचा पोत बिघडतो. घरी आणलेली गरम पिठी लगेच डब्यात भरू नका. परातीत पसरून थंड करा, नाहीतर डब्याच्या आत घाम धरून गुठळ्या होतात.

वाफेचे घर

मोदकाची उकड सगळ्यांना माहीत असते, तरी फुटते, म्हणून तिच्याबद्दल थोडे. एक वाटी ताज्या पिठीला एक वाटी पाणी. पिठी महिन्याभराची जुनी असेल तर सव्वा वाटी. पाण्यात चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाणी खळखळून उकळले की आच मंद करा, पिठी एकदम ओता, सराट्याच्या दांड्याने ढवळा, झाकण ठेवून दोन मिनिटांनी गंज उतरवा आणि आणखी पाच मिनिटे झाकलेलीच राहू द्या. नंतर मळणे. इथे लोक घाई करतात. उकड हाताला चटका बसेल इतकी गरम असतानाच, वाटीच्या बुडाने किंवा पाण्यात बुडवलेल्या हाताने, किमान सात-आठ मिनिटे मळली पाहिजे. गोळा दाबून बघा: कडेला भेग पडली तर पाणी शिंपडून आणखी मळा. वाफेत गेल्यावर मोदक फुटतो तो या भेगेतूनच. वाफ दहा-बारा मिनिटे पुरते.

हीच उकड, हेच तंत्र कोरियात शरद ऋतूतल्या ‘चुसॉक’ या पौर्णिमेच्या सणाला ‘सोंगप्योन’साठी वापरतात. तिथे पिठीवर उकळते पाणी ओतून मळतात, लहान पाऱ्या करतात, आत तीळ-साखर, मध, वाटलेली कडधान्ये किंवा चेस्टनट भरतात आणि अर्धचंद्राचा आकार देतात. वाफवताना खाली पाइनच्या सुया अंथरतात. त्यांचा वास पदार्थाला लागतो आणि सोंगप्योन एकमेकांना चिकटत नाहीत. कोकणात आणि गोव्यात नागपंचमीला पातोळ्या हळदीच्या पानात वाफवतात त्यामागेही हेच शहाणपण आहे. आपल्याकडे परसात हळद लावलेली असतेच. पावसाळ्यात पाने हिरवी असताना ती वापरा. संक्रांतीला तिळगुळाचे सारण उकडीत भरून बघा: भाजलेला तीळ भरडसर कुटा, त्याच्या पाऊणपट गूळ, वेलची. गूळ वितळून बाहेर येऊ नये म्हणून सारण घट्ट दाबून भरा आणि कडा दोनदा मुडपा. वाफेतून काढल्यावर वरून तिळाच्या तेलाचा किंवा तुपाचा हात फिरवा, म्हणजे सुकत नाहीत.

आता तो प्रकार, जो आपल्याकडे जवळजवळ कुणी करत नाही आणि जो मला या सगळ्यांत सर्वात देखणा वाटतो: ओल्या पिठीचा थर लावून वाफवलेला, पांढराशुभ्र ‘बेकसोल्गी’. कोरियात बाळ 100 दिवसांचे झाले की हा करतात. यात उकड नाही, मळणे नाही, खमीर नाही, सोडा नाही.

अर्धा किलो ओली चाळलेली पिठी घ्या. त्यात लहान चमचाभर मीठ. आता पाणी एकेक मोठा चमचा शिंपडत दोन्ही तळव्यांत पिठी चोळा, जेणेकरून प्रत्येक कणाला ओल पोचेल. दोन ते चार चमचे पाणी पुरते. सुक्या पिठीला पाऊण वाटी आणि त्याहून थोडे जास्तही लागू शकते. किती झाले हे मापाने कळत नाही, मुठीने कळते. मूठभर पिठी दाबा, तिचा मुटका होईल. तो तळहातावर हलकेच दोन-तीनदा उडवा. पहिल्याच झेलीत तुटला तर ओल कमी आहे. न तुटता राहिला आणि बोटाने दाबल्यावर सहज भुगा झाला तर बरोबर. भुगा न होता बोटाला चिकटला तर पाणी जास्त झाले. थोडी कोरडी पिठी मिसळा. ही परीक्षा झाल्यावर पिठी पुन्हा दोनदा चाळा. चाळल्याने मधे हवा राहते आणि वाफेला वाट मिळते. साखर 50 ग्रॅम, पण ती अगदी शेवटी, वाफेवर ठेवण्याच्या क्षणी मिसळायची; आधी घातली की ती विरघळते आणि पिठीच्या गाठी होतात.

भोके असलेल्या चाळणीत ओले कापड अंथरा, त्यावर पिठी हलक्या हाताने पसरा. दाबू नका. वरून सुरीने सपाट करा आणि वाफवण्याआधीच वड्यांच्या रेघा तळापर्यंत पाडून ठेवा. मग शिजल्यावर वड्या आपोआप सुट्या होतात. कोरियन ‘सिरु’ म्हणजे बुडाला भोके असलेले मातीचे भांडे, आणि ते खालच्या पातेल्यावर ठेवल्यावर दोघांमधली फट पिठाच्या ओल्या पट्टीने लिंपतात. तुमची चाळणी गंजावर नीट बसत नसेल तर कणकेची दोरी वळून तीच फट बुजवा. कडेने वाफ निसटली की वरचा थर कोरडा, कच्चा राहतो, आणि दोष पिठीला दिला जातो. झाकणाला फडके बांधा, थेंब पडायला नकोत. वाफ जोरात सुटल्यावर चाळणी ठेवायची, 20 मिनिटे मोठी आच, पाच मिनिटे मंद.

याच पिठीत एक थर पिठीचा, एक थर शिजवून भरड केलेल्या लाल बरबटीचा, असे केले की कोरियन ‘फात सिरुतोक’च्या जवळ जाता येते. तिथे लाल अझुकी घेतात आणि नव्या घरात राहायला गेल्यावर हा शेजाऱ्यांना वाटतात. बरबटी मोडेल इतकी शिजवा पण पाणी पूर्ण आटवा, मीठ घाला, गूळ हवा असल्यास थोडा. ओलसर बरबटी वाफेची वाट बंद करते.

कांडलेले

या घराबाबत स्पष्ट सांगते: ‘इंजोल्मी’ म्हणजे भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवलेला मऊ, ताणला जाणारा तोक आपल्या तांदळाचा होत नाही. त्याला चिकट तांदूळ लागतो, ज्यात भात मोकळा करणारे पिष्ट जवळजवळ नसतेच. आसामचा बोरा किंवा मणिपूरचा काळा चाखाओ या जातीचे आहेत. चिन्नोर कितीही कांडला तरी तसा ताण येणार नाही, तेव्हा त्याच्यामागे तांदूळ वाया घालवू नका.

तोकबोक्कीची नळकांडी मात्र साध्या, बिनचिकट तांदळाची असतात आणि ती घरी जमतात. बेकसोल्गीसारखीच ओली पिठी, साखर न घालता, मुठीच्या परीक्षेपेक्षा थोडी जास्त ओली करून 20 मिनिटे वाफवा. लगेच खलात किंवा जाड बुडाच्या पातेल्यात घेऊन मुसळीला तेल लावून कुटा, गुळगुळीत गोळा होईपर्यंत. थंड होऊ दिलात तर तो जमत नाही. पाटावर तेलाचा हात फिरवून बोटाएवढ्या जाडीच्या वळ्या करा, दोन इंचांचे तुकडे कापा. रस्सा मुलींना हवा तसा करू द्या. आपल्या भिवापुरी मिरचीचा रंग त्याला शोभेल, फक्त तिखटाचे प्रमाण निम्मे ठेवा आणि चवीला थोडा गूळ घाला. सकाळपर्यंत मऊ राहणाऱ्या तांदळाचीच नळकांडी करा, दुसऱ्या गटातली रश्श्यात तुटतात. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना हा पदार्थ देताना बारीक तुकडे करा आणि जवळ बसा. कांडलेल्या तांदळाचा चिवट घास घशात अडकू शकतो.

तवा आणि कढई

आयते ही झाडीपट्टीची खरी मिरवण्यासारखी गोष्ट. पाच-सहा तास भिजवलेला तांदूळ गंधासारखा बारीक वाटायचा, ताकाएवढा पातळ करायचा, मीठ. पीठ लगेच खाली बसते, म्हणून प्रत्येक आयता घालण्याआधी तळापासून ढवळा. न ढवळल्यामुळेच पहिले पातळ आणि शेवटचे जाड होतात. तवा चांगला तापलेला हवा: पाण्याचा थेंब नाचत उडाला पाहिजे. अर्ध्या कांद्याने तेल पुसा, पीठ कडेकडून मध्याकडे ओता, जाळी पडली की झाकण. उलटायचा नाही. कडा सुटल्या की सराट्याने उचला. कोंबडीच्या रश्श्याबरोबर, झुणक्याबरोबर, नुसत्या गुळाबरोबरही. गुळाच्या पाण्यात पीठ कालवून गोड आयते करायचे तर आच निम्मी करा, गूळ लवकर करपतो. छत्तीसगडचा चिला याच कुळातला.

अनारशाचे गणित बहुतेकांना पाठ असते: तीन दिवस भिजवणे, रोज पाणी बदलणे, सावलीत किंचित ओलसर राहील इतके सुकवणे, कुटणे, चाळणे, एक किलो पिठाला पाऊण ते एक किलो साधा मऊ गूळ आणि थोडे तूप, मग पाच-सहा दिवस घट्ट डब्यात मुरवणे. चिक्कीचा गूळ वापरू नये. अधिक महिन्यात जावयाला 33 अनारसे द्यायचे असतात तेव्हा पीठ फसले की धांदल उडते, म्हणून दोन दिवस आधी एकच तळून बघा. तुपात पसरून विरघळला तर गूळ जास्त झाला किंवा पीठ ओले राहिले. कोरडी पिठी मिसळून एक दिवस ठेवा. दगडासारखा झाला तर गूळ कमी. कुस्करलेल्या केळ्याने मळा. खसखस लावलेली बाजू वर ठेवून मंद आचेवर, वरून झाऱ्याने तूप उडवत तळायचा, उलटायचा नाही.

ठेवण

तांदळाचे वाफवलेले पदार्थ फ्रिजमध्ये ठेवू नका. शिजलेले पिष्ट फ्रिजच्या थंडीत सर्वात लवकर आवळते, म्हणून रात्रीचा मऊ मोदक सकाळी खडा होतो. त्याच दिवशी खायचे असतील तर ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. उन्हाळ्यात बाहेर काही तासांपलीकडे राहू देऊ नका, शिजलेला तांदूळ लवकर बिघडतो. जास्त दिवस ठेवायचे असतील तर गरम असतानाच एकेक गुंडाळा, थोडे निवले की थेट बर्फाच्या कप्प्यात टाका. खाण्याच्या वेळी तसाच गोठलेला काढून वाफेवर आठ-दहा मिनिटे ठेवला की पुन्हा मऊ होतो. बेकसोल्गीच्या उरलेल्या वड्या कडक झाल्या तर तुपावर दोन्ही बाजूंनी खमंग भाजा. नळकांडी कडक झाली तर रश्श्यात टाकण्याआधी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा.